सासऱ्यांच्या सरकारचा हिशेब तपासणारा जावई

फिरोज गांधी म्हटले की इंदिराजींचे पती आणि राजीव-संजय यांचे वडील एवढीच ओळख आपल्याला पुरते. पण ज्यांच्या कपाटात आयुर्विम्याची पॉलिसी जपून ठेवलेली आहे, त्यांनी तरी हा माणूस वेगळ्या कारणासाठी आठवावा.

जन्म १२ सप्टेंबर १९१२ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. अलाहाबादेत शिक्षण, मग तुरुंगवास, १९४२ मध्ये विवाह आणि १९५२ मध्ये रायबरेलीहून लोकसभा. सभागृहात ते बराच काळ गप्प बसले. डिसेंबर १९५५ मध्ये बोलले ते एकदम विमा कंपन्यांवर! रामकृष्ण दालमिया यांच्या भारत इन्शुरन्समधला विमेदारांचा पैसा मालकाच्या इतर उद्योगांकडे कसा वळला, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. पुढच्याच महिन्यात अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण जाहीर केले. त्यामागे इतरही कारणे होती. पण या भाषणाने वाट सोपी केली, हे खरे.

मालक बदलला, तरी तिजोरीची राखण सुटली नाही. जून १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे १ कोटी २४ लाखांचे शेअर घेतले. त्यांतली रिचर्डसन क्रुडास तर आपल्या भायखळ्याची. महामंडळाची गुंतवणूक समिती होती, पण तिला आधी विचारलेच नाही! काही शेअरना बाजारभावापेक्षा जास्त पैसे मोजले गेले. १६ डिसेंबरला फिरोज उभे राहिले. सरकार स्वपक्षाचे, पंतप्रधान सासरे, तरी आवाज खाली आला नाही.

चौकशी मुंबईचे मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांच्याकडे आली. त्यांनी ती उघड्यावर घेतली, आणि मला यातच तिचे मोल वाटते. लेखापरीक्षकाचा शेरा फायलीत निजतो. इथे बडे अधिकारी साक्षीला उभे राहिले आणि बाहेरच्या गर्दीसाठी कर्णे लावावे लागले. जेमतेम महिन्याभरात अहवाल आला. फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी पायउतार झाले.

८ सप्टेंबर १९६० ला फिरोज गेले, तेव्हा अठ्ठेचाळिशीही पुरी नव्हती. संसदेतले कामकाज वृत्तपत्रांना निर्भयपणे छापता यावे, यासाठी त्यांनी १९५६ मध्ये खासगी विधेयक मांडून कायदा करून घेतला होता. १९७६ च्या आणीबाणीत इंदिराजींच्या सरकारने तो रद्द केला. १९७७ मध्ये जनता सरकारने तो पुन्हा आणला.