इंदूरची लेक कै. कमलाबाई सोहोनी

दरबारी गवयाच्या घरात माझे बालपण गेले. विद्येसाठी गुरूच्या उंबरठ्यावर दिवसचे दिवस तिष्ठणाऱ्या शिष्यांच्या कथा आमच्याकडे नित्याच्या. तथापि रसायनशास्त्राच्या दारी तशीच धरणे धरून बसलेली एक मुलगी आपल्या इंदूरची होती, हे मला फार उशिरा कळले. माझ्याकडे गाणे शिकणाऱ्या मुलींना दुर्गाबाई भागवतांचे नाव ठाऊक आहे. त्यांच्या धाकट्या भगिनी कमलाबाईंचे एकीलाही नव्हते. म्हणून हा लेखनप्रपंच.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदुरास झाला. वडील नारायणराव व चुलते माधवराव, दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले रसायनज्ञ. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्‌सी.त पहिल्या आल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला. अर्जदार मुलगी, एवढ्याच कारणावरून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई बंगलोरास गेल्या आणि त्यांच्या कार्यालयापुढे सत्याग्रहास बसल्या. अखेर प्रवेश मिळाला, पण वर्षभराच्या उमेदवारीचा आणि अपमानास्पद अटींचा. त्या अटी गिळून त्यांनी काम केले. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले आणि ते दार इतर मुलींसही उघडले.

तेथे श्रीनिवासय्यांच्या हाताखाली त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिने अभ्यासिली. पुढे केंब्रिजला बटाट्यात त्यांना सायटोक्रोम-सी हे श्वसनक्रियेतील द्रव्य आढळले. अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर १९३९ साली पीएच.डी. घेऊन त्या परतल्या. दिल्ली व कुन्नूर येथे काम केल्यावर १९४७ साली त्यांचा विवाह झाला व त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या.

येथे त्यांची दृष्टी वळली ती आपल्या माजघरातील वालाकडे. अन्नातील प्रथिने तोडणारा ट्रिप्सिन नावाचा पाचकरस आपल्या पोटात असतो. वालात त्याला अडविणारे एक लहानसे प्रथिन असते. किडीपासून दाणा राखण्याची ती वनस्पतीची तजवीज. कमलाबाई आणि त्यांचे सहकारी अंबे यांनी १९५५ साली ते स्फटिकरूपात वेगळे केले. नीट शिजविल्यावर त्याचे बळ पुष्कळसे ओसरते. डाळिंब्या मऊ शिजवा, हा आजीचा आग्रह उगाच नव्हता.

आज औषधांना न जुमानणारे जंतू वाढले आहेत. म्हणून औषधी वनस्पतींच्या प्रथिनांचे, बहुधा ट्रिप्सिनसारख्याच रसांनी, बारीक तुकडे करतात. पेप्टाइड म्हणविणारे हे तुकडे; त्यांतील काही जंतूंचे आवरण फोडून त्यांना मारतात. कमलाबाईंनी हे तुकडे शोधले नाहीत, असे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. परंतु वनस्पतीच्या इवल्या प्रथिनात आत्मरक्षणाचे सामर्थ्य असते, ही वाट त्यांनी घरच्या दाण्यापासून चोखाळली. कुपोषितांसाठी नीरेवरही त्यांनी संशोधन केले आणि त्यास राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे त्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या.

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच निवर्तल्या. मान मिळाला तो असा, अगदी मावळतीला.

गायकाची आठवण त्याचे शिष्य गाऊन जागवितात. कमलाबाईंची आठवण जागविणे आपल्याच हाती आहे. घरी वाल शिजतील तेव्हा आपल्या लेकींना त्यांची कथा जरूर सांगावी.