वॉर्डमध्ये उभ्या राहून शिकलेल्या डॉक्टर: एलिझाबेथ गॅरेट अँडरसन

तुम्ही किंवा तुमच्या घरातले कोणी रुग्णालयात दाखल झाले असेल, तर हा अनुभव तुम्हाला असेल. सकाळी राउंडला मोठे डॉक्टर येतात, त्यांच्यामागे तीन-चार तरुण चेहरे असतात. त्यांतले एक जण नाडी पाहते, दुसरे कालच सांगितलेली तक्रार पुन्हा विचारते. आजारी माणसाला याचा वैताग येतो आणि मनात शंकाही येते, की आपल्यावर कोणी शिकते आहे का?

होय, शिकते आहे. पुस्तकातला न्यूमोनिया आणि खाटेवर धापा टाकणारा माणूस यांच्यातले अंतर खाटेजवळ उभे राहूनच कापता येते. हे शिक्षण किती मोलाचे आहे, ते समजण्यासाठी एका अशा डॉक्टरची गोष्ट वाचा, ज्यांना ते मिळवायलाच कोणी देत नव्हते. प्रवेश नाकारणाऱ्या संस्थांकडे पुन्हा पुन्हा अर्ज करताना त्यांनी दरम्यानचा काळ वॉर्डमध्ये काम करण्यात घालवला.

घर, शाळा आणि एक निर्णय

एलिझाबेथ गॅरेट यांचा जन्म ९ जून १८३६ रोजी लंडनच्या व्हाइटचॅपल भागात झाला. वडील न्यूसन गॅरेट यांनी पुढे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ऑल्डबरा या गावी व्यापारात चांगला जम बसवला. मुलींना शिकवायचे हा त्यांचा आग्रह होता, पण त्या काळी सुखवस्तू घरातल्या मुलीचे शिक्षण शाळेपाशी थांबायचे आणि पुढे लग्न हाच मार्ग असायचा.

१८५९ मध्ये एलिझाबेथ यांनी लंडनमध्ये डॉ. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांची व्याख्याने ऐकली. ब्लॅकवेल यांनी अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळवली होती आणि त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीत त्यांचे नाव लागले होते. त्या नोंदवहीत नाव असलेल्या त्या पहिल्या महिला. मात्र ही वाट इतर स्त्रियांसाठी लगेच बंद झाली. नव्या नियमाप्रमाणे परदेशी पदवीवर नोंदणी मिळणार नव्हती. म्हणजे ब्रिटनमध्ये डॉक्टर म्हणून काम करायचे, तर तिथलीच परीक्षा द्यायला हवी होती आणि तिथले एकही वैद्यकीय महाविद्यालय स्त्रियांना घेत नव्हते.

घरी हा निर्णय सांगितल्यावर आईला धक्का बसला. वडिलांनाही आधी ही कल्पना आवडली नाही. पण मुलीचा निश्चय पाहून ते बदलले आणि शेवटपर्यंत पैशाने, धावपळीने तिच्या पाठीशी उभे राहिले. रुग्णाच्या किंवा विद्यार्थ्याच्या पाठीशी घर असले की काय होते, ते या गोष्टीत पावलोपावली दिसते.

नर्सच्या वेशात विद्यार्थिनी

ऑगस्ट १८६० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, एलिझाबेथ लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेच्या वॉर्डात नर्स म्हणून रुजू झाल्या. ठरले होते सहा महिन्यांसाठी. हेतू दुहेरी होता. एक तर हे काम आपल्याला झेपते का, रक्त, पू आणि वेदना पाहून आपण टिकतो का, याची परीक्षा. दुसरे म्हणजे महाविद्यालयात न जाता रुग्ण पाहायला मिळणे.

तो काळ लक्षात घ्या. भूल देण्याचे क्लोरोफॉर्म आले होते, पण जंतूंचे ज्ञान अजून वैद्यकात रुजले नव्हते. शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळणे ही रोजची बाब होती. अशा वॉर्डात एलिझाबेथ जखमा धुवायच्या, ड्रेसिंग करायच्या, डॉक्टरांबरोबर राउंडला जायच्या आणि शस्त्रक्रिया पाहायच्या. उरलेल्या वेळात रुग्णालयाच्या औषधे देणाऱ्या अधिकाऱ्याला फी देऊन त्या औषधशास्त्र शिकल्या. शरीररचनेसाठी वेगळे शिक्षक ठेवले.

हळूहळू त्यांना रसायनशास्त्राच्या वर्गात आणि शवविच्छेदनाच्या खोलीतही बसू दिले गेले. परीक्षांत त्यांना गुण चांगले पडू लागले आणि तिथेच अडचण सुरू झाली. १८६१ मध्ये विद्यार्थ्यांनी त्यांच्याविरुद्ध निवेदन दिले. बाईसमोर शिकवताना शिक्षकांना संकोच होतो, असा त्यांचा दावा होता. शिक्षकांनी ते मान्य केले. एलिझाबेथ यांना बाहेर पडावे लागले. हातात रसायनशास्त्र आणि औषधशास्त्रातली गौरवाची प्रमाणपत्रे होती, प्रवेश मात्र नव्हता.

नकार, आणि पुन्हा अर्ज

यानंतरची वर्षे अर्जांची आहेत. लंडन विद्यापीठाने नकार दिला. एडिंबराने दिला. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात १८६२ मध्ये त्यांना नावनोंदणीचे तिकीट मिळालेही, पण विद्यापीठाच्या मंडळाने ते रद्दबातल ठरवले.

एक दार मात्र किलकिले होते. औषधे तयार करून देणाऱ्या आणि रुग्णांवर उपचारही करणाऱ्या व्यावसायिकांची सोसायटी ऑफ अपॉथेकरीज नावाची जुनी संस्था लंडनमध्ये होती. तिच्या परवान्यावर वैद्यकीय नोंदवहीत नाव लागत असे. तिच्या सनदेतली भाषा अशी होती, की नियम पूर्ण करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला परीक्षेला बसता यावे. स्त्री ही व्यक्ती नाही असे म्हणणे कायद्याने कठीण होते.

अट सोपी नव्हती. परवानाधारकाकडे पाच वर्षांची उमेदवारी, मान्यताप्राप्त शिक्षकांच्या व्याख्यानांची प्रमाणपत्रे आणि रुग्णालयातला अनुभव लागायचा. वर्गात बसता येत नव्हते म्हणून एलिझाबेथ यांनी एकेका प्राध्यापकाला गाठून खासगी शिकवणी लावली. त्यासाठी त्या स्कॉटलंडला गेल्या, लंडनला परतल्या. रुग्णालयातल्या अनुभवासाठी त्यांनी पुन्हा नर्स म्हणूनच वॉर्डात काम केले, कारण त्या दारातून आत जायला कोणी अडवत नव्हते.

परीक्षेची वेळ आली तेव्हा सोसायटी मागे सरू लागली. न्यूसन गॅरेट यांनी कोर्टात खेचण्याची तयारी दाखवल्यावर परवानगी मिळाली. २८ सप्टेंबर १८६५ रोजी एलिझाबेथ परीक्षा उत्तीर्ण झाल्या. ब्रिटनमध्ये उघडपणे स्त्री म्हणून शिकून वैद्यकीय परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या. लगेच सोसायटीने नियम बदलला आणि खासगी शिकवणीची प्रमाणपत्रे अमान्य केली. त्यांच्यामागे ते दार बंद झाले.

रुग्णांनी दिलेले उत्तर

कोणत्याही रुग्णालयाने त्यांना पद दिले नाही. त्यांनी स्वतःचा दवाखाना सुरू केला आणि १८६६ मध्ये गरीब स्त्रिया व मुलांसाठी सेंट मेरीज डिस्पेन्सरी उघडली. त्याच सुमारास कॉलऱ्याची भीती पसरली होती. बाई डॉक्टर कशी असेल, हा प्रश्न लोकांनी बाजूला ठेवला. पहिल्या वर्षात ३,००० नवे रुग्ण आले आणि त्यांच्या मिळून ९,३०० भेटी झाल्या.

या आकड्यांमागचे कारण वैद्यकीय आहे. मासिक पाळीचा त्रास, बाळंतपणानंतरच्या जखमा, लघवीच्या तक्रारी अशा गोष्टी अनेक स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे बोलत नसत. सांगितलेच नाही तर निदान होत नाही आणि आजार वाढतो. बोलता येईल असा डॉक्टर मिळाल्यावर दवाखान्यात रांग लागली. आजही अनेक घरांत ही अडचण आहे, हे तुम्ही जाणताच.

पदवीची ओढ तरीही कायम होती. पॅरिस विद्यापीठ स्त्रियांना घेऊ लागल्यावर एलिझाबेथ फ्रेंच शिकल्या आणि १८७० मध्ये तिथली एम.डी. पदवी मिळवली. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता अर्धशिशी, म्हणजे मायग्रेन. ब्रिटनच्या नोंदवहीत त्या पदवीचा उपयोग नव्हता, पण त्यांनी ती घेतली.

१८७१ मध्ये त्यांनी जेम्स अँडरसन यांच्याशी लग्न केले आणि काम सुरूच ठेवले. त्यांना तीन मुले झाली. त्यांतली मार्गारेट ही मुलगी मेंदूच्या आवरणाच्या आजाराने, म्हणजे मेनिंजायटिसने, लहानपणीच दगावली. प्रतिजैविके यायला अजून अर्ध्या शतकाहून अधिक काळ होता. डॉक्टर आईलाही त्यापुढे काही करता आले नाही.

पुढच्या मुलींसाठी खाटा

१८७२ मध्ये डिस्पेन्सरीच्या जागी दहा खाटांचे रुग्णालय उभे राहिले. तिथले उपचार स्त्री डॉक्टर करत. १८७४ मध्ये सोफिया जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने लंडनमध्ये स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि एलिझाबेथ तिथे शिकवू लागल्या. वर्ग होते, शिक्षक होते, पण विद्यार्थिनींना शिकायला पुरेसे मोठे रुग्णालय नव्हते. रुग्ण न पाहता परीक्षेला बसताच येत नव्हते. १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने आपले वॉर्ड या मुलींना खुले केले, तेव्हा कुठे ते शिक्षण पुरे झाले. एलिझाबेथ यांनी जे नर्सच्या वेशात, तुकड्यातुकड्यांनी मिळवले होते, ते आता मुलींना विद्यार्थिनी म्हणून मिळू लागले.

१८८३ ते १९०३ अशी वीस वर्षे त्या या महाविद्यालयाच्या डीन होत्या. या काळात, १८८९ मध्ये, तिथे मुंबईची एक विद्यार्थिनी दाखल झाली. रखमाबाई. लहानपणी लावून दिलेले लग्न नाकारल्याबद्दल ज्यांचा खटला देशभर गाजला, त्याच या रखमाबाई. मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधल्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना मदत केली होती. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले.

एलिझाबेथ निवृत्तीनंतर ऑल्डबराला राहिल्या. १९०८ मध्ये त्या तिथल्या महापौर झाल्या. इंग्लंडमधल्या त्या पहिल्या महिला महापौर. १७ डिसेंबर १९१७ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांची मुलगी लुइसा तेव्हा लंडनमध्ये स्त्री डॉक्टरांनी चालवलेले लष्करी रुग्णालय सांभाळत होती.

रुग्ण म्हणून तुम्ही काय करू शकता?

आज आपल्याकडे एम.बी.बी.एस.च्या परीक्षा झाल्यावरही वर्षभराची इंटर्नशिप सक्तीची असते. ती तुमच्यासारख्या रुग्णांच्या सहकार्यावरच चालते. पण सहकार्य म्हणजे मुकाट्याने सहन करणे नव्हे.

• खाटेजवळ आलेल्या प्रत्येकाला नाव आणि काम विचारा. विद्यार्थी, इंटर्न, निवासी डॉक्टर आणि सिस्टर यांचे कोट सारखे दिसले तरी जबाबदाऱ्या वेगळ्या असतात.

• विद्यार्थ्याने केवळ शिकण्यासाठी तपासायचे असेल, तर आधी तुमची परवानगी घ्यायला हवी. तुम्ही नाही म्हणू शकता. त्यामुळे तुमच्या उपचारांत फरक पडता कामा नये.

• स्त्री रुग्णाने तपासणीच्या वेळी सोबत स्त्री कर्मचारी किंवा नातेवाईक मागावी. लाजू नका.

• तीच माहिती पुन्हा विचारली तरी पूर्ण सांगा. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, घरी कोणत्या गोळ्या सुरू आहेत, हे कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या वेळीच आठवते.

• शिकाऊ डॉक्टरांनी काही ठरवले असेल आणि मनात शंका असेल, तर वरिष्ठांनी पाहिले आहे का, असे सरळ विचारा.

घरात डॉक्टर होऊ पाहणारे मूल असेल तर

प्रवेश हुकलेले वर्ष साऱ्या घराला जड जाते. अमेरिकेत फिजिशियन असिस्टंट होण्यासाठी अर्ज करताना बऱ्याच संस्था रुग्णसेवेच्या अनुभवाचे तास मागतात. नकार मिळाला तर कित्येक जण वर्षभर रुग्णालयात काम करून पुन्हा अर्ज करतात. आपल्याकडे एम.बी.बी.एस.चा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो, तिथे अशा अनुभवाला गुण नाहीत. हे मुलाला स्पष्ट सांगा, म्हणजे अभ्यास मागे पडणार नाही.

तरीही रीतसर परवानगी घेऊन एखाद्या रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात आठवड्यातून काही तास मदत केली, तर एक गोष्ट कळते: आजारी माणसांसोबत दिवस काढणे आपल्याला जमते का? चोविसाव्या वर्षी एलिझाबेथ यांनी स्वतःला हाच प्रश्न विचारला होता. फक्त प्रशिक्षण नसताना इंजेक्शन, ड्रेसिंग किंवा औषध देण्याचे काम मुलाने करू नये आणि कोणी सांगितले तरी नकार द्यावा. ताटात जेवण वाढणे, चाकाची खुर्ची ढकलणे, वाट पाहणाऱ्या आजींशी बोलणे एवढे केले तरी पुष्कळ शिकता येते. कधी उत्तर नाही असेही येईल. तेही घरच्यांनी शांतपणे ऐकून घ्यावे.