एत्तोरे बुगाटी : दोन मोटारी, एक हट्ट

मिलानमधील नामवंत फर्निचर रचनाकार कार्लो बुगाटी यांच्या घरी १५ सप्टेंबर १८८१ रोजी जन्मलेले एत्तोरे कलावंत व्हायचे. धाकटे बंधू रेम्ब्रँट शिल्पकार झालेही. एत्तोरे यांनी मात्र यंत्राची वाट धरली आणि १९०९मध्ये, तेव्हा जर्मनीत असलेल्या आल्सास प्रांतातील मोल्सहाइम येथे कारखाना काढला.

त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले ते ‘टाइप ३५’मुळे. १९२४ साली लिऑन येथे फ्रेंच ग्रां प्रीमध्ये तिने पदार्पण केले आणि टायरांनीच दगा दिला. पण रचना अस्सल होती. दोन लिटरचे आठ सिलिंडरचे इंजिन पुढे, त्याची ताकद मागच्या दोन चाकांना, वजन जेमतेम ७५० किलो. ॲल्युमिनियमच्या चाकातच ब्रेकचा ड्रम ओतलेला. सिसिलीच्या डोंगराळ रस्त्यांवरील टार्गा फ्लोरिओ शर्यत या मोटारीच्या विविध आवृत्त्यांनी १९२५ ते १९२९ अशी सलग पाच वर्षे जिंकली.

पुढे इंजिनांची ताकद वाढली आणि चढणीवर मागची चाके जागीच गरगरू लागली. त्यावर १९३२ची ‘टाइप ५३’ हा उतारा होता. पाच लिटरच्या आसपासचे इंजिन, सुमारे ३०० अश्वशक्ती आणि चारही चाकांना गती. कागदावर ती थोरलीपेक्षा कितीतरी सरस. प्रत्यक्षात पुढच्या चाकांना गती पोहोचवणारे सांधे साध्या प्रकारचे होते. चाक वळले की गती असमान होई आणि स्टिअरिंग चालकाच्या हातांशी झुंजे. इंग्लंडमधील शेल्सली वॉल्श येथे सरावातच एत्तोरे यांचे पुत्र जाँ यांच्या हातून ती आपटली. १९३४मध्ये रने ड्रेफ्युस यांनी ला तुर्बीची चढण तिच्यावर जिंकली खरी, पण अशा मोटारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच बनल्या. ‘टाइप ३५’ व तिच्या भावंडांनी शेकड्यांचा आकडा गाठला होता.

हलकेपणावर एत्तोरे यांची श्रद्धा, नव्या तंत्राबाबत मात्र कमालीची सावधगिरी. इतर कारखाने हायड्रॉलिक ब्रेकांकडे वळले तरी ते तारेच्या ब्रेकांना चिकटून राहिले. ‘टाइप ५७’ला हायड्रॉलिक ब्रेक मिळाले ते १९३८ साली. नव्याची ओढ होती ती जाँ यांना.

१९३६च्या संपाने दुखावलेले एत्तोरे पॅरिसला गेले आणि कारखाना जाँ पाहू लागले. ११ ऑगस्ट १९३९ रोजी मोल्सहाइमजवळ मोटारीची चाचणी घेताना जाँ अपघातात गेले. वय अवघे तीस. तीन आठवड्यांत युद्ध पेटले. एत्तोरे यांनी २१ ऑगस्ट १९४७ रोजी पॅरिसमध्ये अखेरचा श्वास घेतला. मोल्सहाइमलगतच्या डोर्लिसहाइम येथे कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना विसावा मिळाला.