इंडिकेटर, लाल बटण आणि शंकर आबाजी भिसे

सकाळी भाईंदर स्टेशनचा जिना धापा टाकत चढलात की तुमची नजर आधी कुठे जाते? इंडिकेटरवर. फास्ट की स्लो, किती मिनिटं, किती डबे. आता परत फिरा आणि पश्चिमेच्या एखाद्या इंडस्ट्रियल गाळ्यात डोकवा. मशिनशेजारी भिंतीवर एक लोखंडी डबा दिसेल, त्यावर दोन बटणं. हिरवं चालू, लाल बंद.

कंट्रोल सिस्टिम म्हटलं की डिप्लोमावाल्यांना पीएलसी आठवतो आणि बाकीच्यांना झोप येते. पण सगळ्याचं मूळ त्या डब्यात आहे. हिरवं बटण मोटारीला थेट वीज देतच नाही. ते फक्त एका छोट्या कॉइलला जागं करतं. कॉइल चुंबक बनते, कॉन्टॅक्टर ओढून घेते आणि मग मोटारीला वीज मिळते. बोट काढलं तरी मोटार चालूच, कारण कॉन्टॅक्टरचाच एक जादा पॉइंट कॉइलची वाट धरून ठेवतो. लाइट गेली की ही पकड सुटते. लाइट परत आली तरी मोटार आपणहून फिरत नाही, कुणीतरी हिरवं बटण पुन्हा दाबावं लागतं. तेवढ्या वेळात कारागिराने मशिनमध्ये हात घातला असेल, तर तो हात याच्यामुळे वाचतो.

म्हणजे बातमी घ्यायची, ठरवायचं, काम करून घ्यायचं. यंत्राने हे माणसाशिवाय करावं, या वेडाने मुंबईतला एक मराठी तरुण सव्वाशे वर्षांपूर्वी झपाटला होता. शंकर आबाजी भिसे, जन्म २९ एप्रिल १८६७. विशीत त्यांनी मुंबईत सायंटिफिक क्लब काढला आणि गॅजेट्स बनवायचा सपाटा लावला. त्यात मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी स्टेशन दाखवणारा इंडिकेटरही होता!

मग लंडनच्या एका मासिकाने शोधांची स्पर्धा लावली. भिसेंनी मुंबईतून आराखडा पाठवला तो किराणा दुकानासाठी, साखर-पीठ आपोआप तोलून नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा. पहिला नंबर! आज कारखान्यात पिशव्या भरतात त्या अशाच: लोड सेल वजन सांगतो, कंट्रोलर हव्या त्या आकड्याशी ताडून बघतो, भरलं की व्हॉल्व बंद. भिसेंच्या काळी चिप नव्हती, प्रश्न मात्र हाच होता.

दिनशा वाच्छांनी ओळखपत्र दिलं, लंडनमध्ये दादाभाई नौरोजींनी पैसा घातला. तिथे भिसेंनी विजेवर चालणाऱ्या जाहिरातफलकांपासून स्वयंपाकघरातल्या वस्तूंपर्यंत काय काय केलं. पण जीव अडकला तो ‘भिसोटाइप’मध्ये. छापखान्याचे शिशाचे खिळे ओतणारं हे यंत्र, मिनिटाला १२०० खिळ्यांच्या वेगाचं. मोठ्या कंपन्यांनी हे होणं शक्य नाही म्हणून आधी नाकं मुरडली होती.

आणि इथून त्यांची फरफट सुरू झाली. आजच्या भाषेत, प्रॉडक्ट भारी पण फंडिंग नाही. समाजवादी पुढारी हिंडमन यांनी भांडवल उभं करायचं कबूल केलं, १९०७ मध्ये तो बेत कोसळला. दुसऱ्या वर्षाअखेरीस भिसे हात हलवत मुंबईच्या बोटीत बसले. बोटीवर भेटले गोपाळ कृष्ण गोखले! गोखल्यांच्या शब्दाखातर सर रतन टाटांनी पैसा उभा केला, ‘टाटा-भिसे इन्व्हेन्शन्स सिंडिकेट’ निघाली, भिसे पुन्हा लंडनला गेले. पहिल्या महायुद्धाच्या काळात तीही गुंडाळली गेली.

मग न्यूयॉर्क. तिथे खिळ्यांच्या यंत्राचं सुधारलेलं रूप आलं, पण नाव आणि पैसा मिळवून दिला तो आयोडीनच्या एका औषधाने. लोक त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणू लागले. मला ही पदवी जरा खटकते, कारण एडिसनच्या मागे आख्खी फॅक्टरी होती. भिसेंना प्रत्येक वेळी नवा दरवाजा ठोठवावा लागला.

भाईंदरला विजेची लोकल यायला १९३६ उजाडलं. बोरिवलीपर्यंत आधीच आलेल्या तारा त्या वर्षी विरारपर्यंत पोचल्या. स्टेशनचा इंडिकेटर बनवणारा माणूस त्याच्या आदल्याच वर्षी, ७ एप्रिल १९३५ रोजी, न्यूयॉर्कमध्ये वारला होता.