प्लेगशी झुंजणारे हाफकिन

(पाठाची ओळख : सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली. त्या वेळी एका परदेशी शास्त्रज्ञाने मुंबईत राहून प्लेगची लस तयार केली. लस उपयोगी आहे हे त्यांनी केवळ सांगितले नाही, तर मोजून दाखवले. त्यांच्या जीवनाची ही कथा आहे.)

मुंबईच्या परळ भागात एक जुनी, भव्य वास्तू आहे. एके काळी तेथे मुंबईचे गव्हर्नर राहत असत. आज ती वास्तू हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. ज्यांचे नाव या संस्थेला दिले आहे, ते वॉल्डेमार हाफकिन ना मुंबईचे होते, ना भारताचे. पण त्यांच्या आयुष्यातील मोलाची वर्षे या देशातील रोग्यांसाठी खर्ची पडली.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठावरील ओडेसा या शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. त्या वेळी हे शहर रशियन साम्राज्यात होते. ओडेसाच्या विद्यापीठात मेचनिकॉव्ह या थोर शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते शिकले. हाफकिन अतिशय हुशार होते. पण ज्यू असल्यामुळे त्यांना प्राध्यापकाची जागा मिळेना. धर्म बदलला तर नोकरी मिळेल, अशी अट होती. हाफकिन यांनी ती अट मान्य केली नाही. नोकरीसाठी आपली श्रद्धा सोडणे त्यांना पटले नाही. १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला. काही काळ ते जिनिव्हात राहिले आणि १८८९ साली पॅरिसला गेले.

पॅरिसमध्ये लुई पाश्चर यांची प्रसिद्ध संस्था होती. तेथे हाफकिन यांना मिळाली ती शास्त्रज्ञाची जागा नव्हे, तर साहाय्यक ग्रंथपालाची! त्यांनी ती आनंदाने स्वीकारली. पुस्तकांचे काम संपले की ते प्रयोगशाळेत जात. त्यांनी पटकीची लस तयार केली. प्राण्यांवर तिचे प्रयोग झाले. पण माणसाला ती सोसेल का, हे कोणालाच माहीत नव्हते. १८ जुलै १८९२ रोजी हाफकिन यांनी ती लस स्वतःलाच टोचून घेतली. त्यांना ताप आला, पण काही दिवसांत ते बरे झाले.

आता प्रश्न होता तो पटकीच्या मुलखात जाऊन लसीची परीक्षा घेण्याचा. १८९३ साली हाफकिन कलकत्त्याला आले. तेथील गरीब वस्त्यांमध्ये तलावाचे पाणी पिण्यासाठी वापरत आणि पटकी वारंवार येई. लोक सुईला घाबरत. मग हाफकिन आणि त्यांचे भारतीय डॉक्टर सहकारी आधी स्वतः सर्वांसमोर लस टोचून घेत. ते पाहून लोकांना धीर येई.

१८९४ साली कट्टल बागान नावाच्या वस्तीत पटकी शिरली. वस्तीत सुमारे दोनशे माणसे होती. त्यांपैकी ११६ जणांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. पुढे त्या वस्तीत पटकीचे जे रोगी आढळले, ते सर्व लस न घेतलेल्यांपैकी होते. घरे तीच, पाणी तेच. फरक होता तो फक्त लसीचा. हाफकिन यांच्या कामाची ही रीत आपण नीट लक्षात ठेवली पाहिजे. लस घेतलेला एक माणूस वाचला, एवढ्यावर ते समाधान मानत नसत. कदाचित तो लसीशिवायही वाचला असता! म्हणून लस घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन गटांची ते तुलना करत. दोन्ही गटांतील आजारी किती आणि मृत किती, याची नोंद ठेवत. वस्त्यावस्त्यांतून हिंडून मलेरियाने ते स्वतः आजारी पडले. पण बरे होताच १८९६ साली पुन्हा भारतात आले.

त्याच वर्षी सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग सुरू झाला. डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी हा रोग प्रथम ओळखला. काखेत किंवा जांघेत गाठ येई, तीव्र ताप भरे आणि थोड्याच दिवसांत रोगी दगावे. हजारो लोक मुंबई सोडून पळाले. साथ शहराबाहेर पसरली. घरे रिकामी करून लोक गावाबाहेर झोपड्या बांधून राहू लागले.

सरकारने हाफकिन यांना ऑक्टोबरमध्ये मुंबईला बोलावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई! एवढ्या तुटपुंज्या साधनांवर त्यांनी काम सुरू केले. मांसाच्या रसात ते प्लेगचे जंतू वाढवत. त्या रसावर तुपाचे थेंब सोडत. तुपाच्या आधाराने जंतू चांगले वाढत. मग तो रस तापवून जंतू मारत आणि त्यापासून लस बनवत. मेलेले जंतू रोग देत नाहीत. पण त्यांना पाहून शरीर लढायला शिकते, असा त्यामागचा विचार होता. रात्रंदिवस खपून तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तिची मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. अंगात ताप आणि वेदना असतानाही त्यांनी आपली कामे चालू ठेवली.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे दीडशे कैदी लस घेण्यास तयार झाले. उरलेल्यांनी घेतली नाही. तुरुंगात सर्वांचे अन्न एक, पाणी एक, छप्पर एक. त्यामुळे तुलना करणे सोपे होते. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांमध्ये रोगी आणि मृत्यू अधिक झाले. लस घेतलेल्यांमध्ये रोग फारच कमी दिसला. रोग आधीच अंगात भिनलेल्या माणसाला मात्र लस वाचवू शकत नव्हती. हाफकिन यांनी हेही लपवून ठेवले नाही. आज कैद्यांवर असा प्रयोग करायचा तर फार कडक नियम पाळावे लागतात. त्या काळी तसे नियम नव्हते.

प्लेगच्या त्याच दिवसांत पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करत होत्या. आजारी मुलाला त्यांनी स्वतः उचलून दवाखान्यात नेले. त्यांनाही प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सेवेला माया लागते, धैर्य लागते. पण रोग कशाने टळतो याचे ज्ञानही लागते. नाहीतर सेवा करणाराच रोगाला बळी पडतो.

लस तयार झाली, तरी लोकांचा विश्वास बसणे सोपे नव्हते. सरकारी माणसे घरात शिरून झडती घेत, रोग्यांना उचलून नेत. त्यामुळे सरकारकडून येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा लोकांना संशय येई. लसीविषयी नाना अफवा उठल्या. हाफकिन यांचे मत असे होते, की लस सक्तीने टोचू नये. लोकांना पटवून द्यावे. अशा वेळी खोजा समाजाचे तरुण प्रमुख आगाखान पुढे आले. तेव्हा ते अवघे एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी सर्वांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि प्रयोगशाळेसाठी आपली एक इमारतही दिली. आपल्या प्रमुखाला पाहून हजारो खोजा स्त्री-पुरुषांनी लस घेतली.

१८९८ साली बडोद्याजवळच्या उंढेरा गावात प्लेग आला. येथे हाफकिन यांनी प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. नंतर २८ घरांत प्लेग झाला. या घरांतील लस न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले आणि त्यांतील २६ मरण पावले. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ मरण पावले. एकाच चुलीवर जेवणारी, एकाच छपराखाली झोपणारी ही माणसे! लस घेऊनही तिघे दगावले, म्हणजे लस परिपूर्ण नव्हती. पण २६ आणि ३ या दोन आकड्यांतील अंतर कोणालाही समजण्यासारखे होते. मोठमोठ्या भाषणांनी जे झाले नसते, ते या साध्या मोजणीने झाले. १८९९ साली परळच्या वास्तूत प्लेगची मोठी प्रयोगशाळा सुरू झाली आणि तेथून लाखो लोकांसाठी लस जाऊ लागली.

पण हाफकिन यांच्या नशिबी पुढे मोठे संकट होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. काही दिवसांनी त्यांपैकी १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. साऱ्या देशात खळबळ उडाली. चौकशी समिती नेमली गेली. लस शुद्ध ठेवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बोलिक आम्लाऐवजी उष्णतेचा उपयोग सुरू केला होता. दोष तेथेच आहे, असा ठपका समितीने ठेवला. हाफकिन यांचे पद गेले. ज्या प्रयोगशाळेसाठी त्यांनी रक्ताचे पाणी केले, तिचे दार त्यांना बंद झाले.

हाफकिन खचले नाहीत. त्यांनी पुराव्याचीच कास धरली. मरण पावलेल्या सर्व १९ जणांना एकाच बाटलीतील लस टोचली होती. त्याच दिवशी, त्याच गावात इतर बाटल्यांतील लस घेतलेल्या ८८ जणांपैकी एकालाही धनुर्वात झाला नव्हता. शिवाय ती बाटली उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो ज्वाळेवर धरून जंतुरहित केला नव्हता. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे तेव्हाही ठाऊक होते. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञ हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. १९०७ साली या शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्रात पत्र प्रसिद्ध केले. त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे त्यांच्या माथी लागलेला कलंक पुसला गेला.

ते पुन्हा भारतात आले, पण मुंबईतील आपली जुनी जागा त्यांना मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत काही वर्षे काम करून ते निवृत्त झाले आणि युरोपला परतले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. १९६४ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

विद्यार्थी मित्रांनो, सोलापूरच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा एखाद्या आरोग्य केंद्रात गेलात, तर तेथील परिचारिकेचे काम नीट पाहा. सुई टोचण्यापूर्वी ती हात धुते. बाटलीवरील नाव आणि तारीख वाचते. जमिनीवर पडलेली वस्तू वापरत नाही. ताप किती, नाडी किती, औषध केव्हा दिले, हे ती कागदावर लिहून ठेवते. या गोष्टी म्हणजे केवळ शिस्त किंवा सवय नव्हे. प्रत्येक नियमामागे कोणीतरी केलेली मोजणी आहे आणि कोठेतरी झालेल्या चुकीची मोठी किंमत आहे. मुलकोवालच्या एका चिमट्याने हे शिकवले. म्हणूनच आज परिचारिकांना शिकवताना कृतीबरोबर त्या कृतीचा पुरावाही शिकवतात. पूर्वीपासून असेच करतात, हे कारण पुरेसे मानत नाहीत. नवा पुरावा मिळाला तर जुनी रीत बदलतात.

हाफकिन यांच्यापाशी करुणा होती. पण त्यांनी करुणेला मोजणीची जोड दिली. ज्या पुराव्याने त्यांनी हजारोंचे प्राण वाचवले, त्याच पुराव्याने अखेर त्यांची अब्रूही वाचवली.

शब्दार्थ
साथ – एकाच वेळी अनेकांना होणारा रोग, वबा
पटकी – कॉलरा, हैजा
लस – रोग होऊ नये म्हणून टोचायचे औषध, टीका
पुरावा – सबूत
दगावणे – मरण पावणे
धनुर्वात – जखमेतून मातीतील जंतू शिरल्याने होणारा रोग, टिटॅनस
ठपका – दोष, इल्जाम
कास धरणे – आधार घेणे
रक्ताचे पाणी करणे – अतिशय कष्ट करणे
परिचारिका – नर्स

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हाफकिन यांना ओडेसात प्राध्यापकाची जागा का मिळाली नाही?
(आ) मुंबईतील प्लेग प्रथम कोणी ओळखला?
(इ) परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव केव्हा देण्यात आले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) लोकांचा लसीवर विश्वास बसावा म्हणून आगाखान यांनी काय केले?
(आ) मुलकोवालच्या घटनेत हाफकिन निर्दोष असल्याचे कोणते पुरावे होते?

३. उंढेरा गावातील आकडे दोन रकान्यांत मांडा. त्यावरून तुम्हांला काय समजते ते लिहा.

४. वाक्यात उपयोग करा : कास धरणे, रक्ताचे पाणी करणे, ठपका ठेवणे.

५. उपक्रम : जवळच्या आरोग्य केंद्रातील परिचारिकेला भेटा. त्या पाळत असलेले स्वच्छतेचे पाच नियम आणि प्रत्येक नियमाचे कारण विचारून वहीत लिहा.