नेत्रतळाचा काळोख उजळणारा शास्त्रज्ञ

ताडोबाच्या रस्त्यावर रात्री मोटारीच्या दिव्यांचा झोत पडला, की झाडोऱ्यातून जनावरांचे डोळे चमकून उठतात. मोहर्लीच्या गावकऱ्यांना त्याचे नवल नाही. या प्राण्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. माणसाला तो नसतो आणि त्याची बाहुली काळीच दिसते. त्या काळोखाआड डोकावण्याचे व्यवहार्य साधन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकाकडे नव्हते. ते दिले हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी. आणि गंमत म्हणजे ते नेत्रवैद्य नव्हते.

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८२१ रोजी जर्मनीतील पॉट्सडॅम येथे झाला. वडील शाळाशिक्षक. मुलाची ओढ भौतिकशास्त्राकडे होती, परंतु ते शिक्षण परवडणारे नव्हते. त्यामुळे लष्करी नोकरीच्या अटीवर त्यांनी बर्लिनमध्ये सरकारी खर्चाने वैद्यकाचे शिक्षण घेतले. पॉट्सडॅमच्या छावणीत डॉक्टर असतानाच, १८४७ मध्ये, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवरील आपला गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. १८४९ मध्ये ते क्योनिग्सबर्ग येथे शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले.

डोळ्यात शिरलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्याच्या तयारीत असताना १८५० मध्ये त्यांना खरी अडचण उमगली. दृष्टिपटलावरून परतणारा प्रकाश आल्या वाटेनेच दिव्याकडे जातो. तो पाहायचा तर पाहणाऱ्याने त्या वाटेवर डोळा लावायला हवा. पण तसे केले की त्याच्याच डोक्याने दिवा झाकला जातो. हेल्महोल्ट्झ यांनी काचेच्या पातळ पट्ट्या तिरक्या धरल्या. त्यांवरून दिव्याचा काही प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात वळला आणि परतणाऱ्या प्रकाशापैकी काही त्याच काचांतून आरपार पाहणाऱ्याकडे आला. पुठ्ठा, सरस, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या काचा एवढ्याच सामग्रीवर आठवडाभराच्या खटपटीनंतर त्यांना जिवंत माणसाचे दृष्टिपटल स्पष्ट दिसले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात बर्लिनच्या भौतिकी मंडळापुढे ही माहिती गेली आणि १८५१ मध्ये पुस्तिका निघाली. संगणकाचे जनक मानले जाणारे चार्ल्स बॅबेज यांनी १८४७ मध्ये असेच उपकरण केले होते. मात्र त्याचे मोल जाणणारा कोणी त्यांना भेटला नाही. हेल्महोल्ट्झ यांच्या उपकरणाला बर्लिनमध्ये आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांच्यासारखा नेत्रतज्ज्ञ लाभला.

वृद्धांच्या दृष्टिपटलामागील पिवळसर ठिपके पुढील काही वर्षांतच अभ्यासकांच्या नोंदींत आले. १८८५ मध्ये ओटो हाब यांनी पीतबिंदूच्या वार्धक्यजन्य ऱ्हासाचे वर्णन केले. प्रकाशग्राही पेशींचा टाकाऊ भाग साफ करणारा रंगपेशींचा थर वयोमानाने थकतो आणि त्याखाली गाळ साचू लागतो. कोरड्या प्रकारात या पेशी हळूहळू सुकून जातात. ओल्या प्रकारात खालून नाजूक रक्तवाहिन्या वाढतात, पाझरतात, आणि मधली दृष्टी काही आठवड्यांतही जाऊ शकते. १९९१ मध्ये पुढे आलेल्या ओसीटी या प्रकाशतंत्राने या थरांचा छेद डोळ्याला स्पर्शही न करता दिसू लागला.

हेल्महोल्ट्झ पुढे बॉन, हायडेलबर्ग आणि १८७१ पासून बर्लिन येथे प्राध्यापक होते. विद्युतचुंबकीय लहरी सिद्ध करणारे हाइनरिख हर्ट्झ हे त्यांचे शिष्य. १८९३ मध्ये शिकागोहून परतताना जहाजाच्या जिन्यावरून पडून ते जबर जखमी झाले. ८ सप्टेंबर १८९४ रोजी त्यांचे निधन झाले.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात म्हाताऱ्याची नजर अधू झाली की घरचे मोतीबिंदूच धरून चालतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण भिंग पांढरे झाले की मागचे दृष्टिपटलही धूसर दिसते. मग शस्त्रक्रियेनंतर आजोबा पायवाटेने नीट चालतात, परंतु समोरच्या नातवाचा चेहरा ओळखत नाहीत, आणि दोष शस्त्रक्रियेला लागतो. ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यावयाची इंजेक्शने आहेत. ती वेळेत मिळाली तर दृष्टी टिकते, पण एकदा वण धरला की त्यांचा उपयोग फारसा राहत नाही. भामरागड-एटापल्लीहून मोठ्या शहरातील यंत्रापर्यंत पोहोचण्यात हाच मोलाचा वेळ जातो. एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहणे मात्र घरीही जमते. सरळ कड वाकडी दिसली किंवा मध्ये डाग आला, तर बाहुली मोठी करणारे थेंब घालून नेत्रतळ त्वरित तपासून घ्यावा लागतो.