जॉर्ज सायमन ओहम

२३० व्होल्ट दाबावर चालणाऱ्या इस्त्रीतून ५ अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर २३० ला ५ ने भागून तिचा रोध ४६ ओहम आहे, असे आपण तत्काळ सांगतो. परंतु ज्याच्या नावाने हे माप ओळखले जाते, त्याला हा साधा भागाकार विद्वानांच्या गळी उतरविण्यासाठी उमेदीची कितीतरी वर्षे वेचावी लागली.

जॉर्ज सायमन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन ह्या गावी झाला. वडील कुलपे करणारे कारागीर होते. त्यांनी स्वाध्यायाने गणित व शास्त्रे आत्मसात केली आणि मुलांनाही मोठ्या आस्थेने शिकविली. जॉर्ज दहा वर्षांचा असतानाच मातेचे छत्र हरपले. १८०५ साली तो विद्यापीठात दाखल झाला. पण तेथे त्याचे मन नृत्य, बिलियर्ड्स व बर्फावरील खेळ ह्यांतच रमू लागले. त्यामुळे वडील संतापले व त्याला शिक्षण सोडावे लागले. स्वित्झर्लंडमधील एका शाळेत तो गणित शिकवू लागला. तेथे एकट्याने अध्ययन चालू ठेवून त्याने १८११ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

१८१७ साली तो कोलोन येथील शाळेत शिक्षक झाला. तेथील प्रयोगशाळा सुसज्ज होती. अध्यापनातून उरलेला वेळ तो निरनिराळ्या लांबीच्या तारांतून विद्युत्प्रवाह सोडून पाहण्यात घालवी. मात्र त्या काळच्या विद्युत्घटांचा दाब स्थिर राहत नसे, त्यामुळे मापने चुकत. तेव्हा पोगेनडॉर्फ ह्या शास्त्रज्ञाच्या सूचनेवरून त्याने तांबे व बिस्मथ ह्या धातूंचे सांधे वापरले. एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला, की दाब स्थिर राही. टांगलेल्या चुंबकसूचीच्या वळण्यावरून तो प्रवाह मोजी. तापमान कायम असता तारेतील प्रवाह दाबाच्या सम प्रमाणात व रोधाच्या व्यस्त प्रमाणात असतो, हा नियम त्याला असा गवसला. १८२७ मध्ये बर्लिन येथे त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

ह्या ग्रंथामुळे मोठे प्राध्यापकपद मिळेल, अशी त्याची आशा होती. परंतु पदार्थविज्ञानात एवढे गणित आणणे तत्कालीन अनेक जर्मन विद्वानांस रुचले नाही. निराश होऊन त्याने कोलोनची नोकरी सोडली व बर्लिनच्या सैनिकी शाळेत काही तासांच्या शिकवणीवर दिवस काढले. १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली. अखेर १८४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्याला कॉप्ली पदक अर्पण केले. म्युनिच विद्यापीठातील पदार्थविज्ञानाचे आसन मात्र १८५२ मध्ये, म्हणजे मृत्यूपूर्वी केवळ दोन वर्षे, त्याच्या वाट्याला आले. ६ जुलै १८५४ रोजी तो निवर्तला.

येथे एक भेद ध्यानी ठेवावा. दाब व प्रवाह ह्यांचा गुणाकार केला म्हणजे शक्ती मिळते. आपली इस्त्री २३० गुणिले ५, म्हणजे ११५० वॅट शक्ती घेते. हा हिशेब ओहमचा नव्हे. तारेत दर सेकंदास उपजणारी उष्णता प्रवाहाचा वर्ग व रोध ह्यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते, हे इंग्लंडच्या जूलने १८४१ मध्ये प्रसिद्ध केले. ५ चा वर्ग २५. त्यास ४६ ने गुणिले तरी उत्तर ११५० च येते. दोन स्वतंत्र शोध असे एकमेकांस साक्ष देतात.

१८८१ साली पॅरिस येथील विद्युत्परिषदेने रोधाच्या मापास ओहमचे नाव दिले. तो गौरव पाहण्यास तो हयात नव्हता. तरीही आम्हांस वाटते की, उपेक्षेच्या काळातही ज्याने आपल्या मापनांवरील विश्वास ढळू दिला नाही, त्या शालाशिक्षकाचे स्मरण प्रत्येक विद्यार्थ्याने ते उदाहरण सोडविताना अवश्य करावे.